वैद्यबाई, गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तुमच्या अक्षरासाठी

आदरणीय वैद्यबाई,
सप्रेम नमस्कार.

अण्णा हल्ली रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून येतात. हे सगळ्यात आधी तुम्हाला कळवायचं होतं.

तुमच्याकडे येण्याआधी आमची नुसती ओढाताण चालली होती. "काढा घ्या, ब्लॉकेज विरघळेल, त्या केमिकलच्या गोळ्या बंद करा," असं छातीठोक सांगून एकानं औषधांचे पैसे आगाऊ घेतले. दुसरीकडे डॉक्टरांपुढे आयुर्वेदाचं नाव काढलं की फाइल मिटून पुढच्या पेशंटला हाक. अण्णा बिचारे घाबरून कधी गोळी घ्यायचे, कधी उशीखाली लपवायचे. अण्णांसारख्या, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंटची जाळी बसवलेल्या माणसानं रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानं सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. पैसे घेणाऱ्याला हे माहीत नव्हतं, असं मी मानत नाही. तो राग अजून उतरलेला नाही.

तुम्ही नाडी पाहिलीत, जीभ पाहिलीत आणि पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला लावलीत. त्या काढ्यात ज्येष्ठमध आहे हे वाचून बाटली बाजूला ठेवलीत. रोज घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, म्हणालात. मग मार्कर घेतलात आणि एकेका पाकिटावर ठळक मराठीत लिहीत गेलात: 'रक्त पातळ राहण्यासाठी', 'कोलेस्टेरॉलसाठी', 'बीपीसाठी'. पहिल्याखाली दोन रेघा मारून 'हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही'. बाहेर एवढी गर्दी होती, तरी शेवटच्या पाकिटापर्यंत तुमचं अक्षर घाईचं झालं नाही. अण्णांना ती छापील बारीक इंग्रजी अक्षरं दिसतच नव्हती. आपण काय गिळतोय हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. उशीखाली नंतर एकही गोळी सापडली नाही.

अर्जुनाच्या सालीचा क्षीरपाकसुद्धा तुम्ही कार्डिओलॉजिस्टना चिठ्ठी पाठवून, त्यांचा होकार आल्यावरच सुरू केलात. साल, दूध आणि पाणी मंद आचेवर ठेवून फक्त दूध उरेपर्यंत आई ते आटवते. लोणचं-पापड ताटातून गेलं, त्यावर अण्णांची कुरकुर अजून चालू आहे.

हृदय जपायचं तर मनाला दुःख देणाऱ्या गोष्टी आवर्जून टाळाव्यात, असं चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिसाव्या अध्यायात आहे, हे तुम्ही आईकडे बघून सांगितलंत. आणि "तुम्हाला झोप लागते का?" असं तिलाही विचारलंत. आपल्या शास्त्रावर एवढी श्रद्धा असलेलं माणूस दुसऱ्या शास्त्राचा इतका मान राखतं, हे मी तुमच्याकडे पाहिलं. अशी माणसं दोन्हीकडे आहेत, दवाखान्यांच्या मोठ्या पाट्यांवर त्यांची नावं नसतात एवढंच.

पुढच्या वेळी आई तुमच्यासाठी घरच्या ज्वारीचं पीठ आणणार आहे. फी घ्यायला संकोचलात तेव्हा आम्ही ऐकलं, आता पिठाला मात्र नाही म्हणू नका.

तुमची कृतज्ञ,
अण्णांची थोरली मुलगी