निवाडा राहिला, जबानी गेली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

न्यायालयांचे जुने दप्तर स्कॅन करण्याचे काम सध्या देशभर चालू आहे. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संगणकीकरण योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले, त्यातला मोठा वाटा याच कामाचा आहे. चांगलेच आहे. पण स्कॅन करायला मुळात कागद शिल्लक असावा लागतो. हे पत्र त्याचसाठी.

मी वडोदऱ्यात एकतीस वर्षे दिवाणी वकिलांकडे कारकुनी केली. दावे, कैफियती (प्रतिवादीची लेखी उत्तरे), निशाण्या (पुरावा म्हणून दाखल केलेले कागद) रोज हाताखालून जात. निवृत्तीनंतर घरच्याच एका जुन्या दाव्याचा शोध घ्यायला बसलो. वडिलांची आत्या, तिला सगळे माई म्हणत, विशीत विधवा झाली. सासरच्यांनी घराबाहेर काढले, तेव्हा तिने गायकवाडी अमलात अन्नवस्त्राचा दावा लावला आणि जिंकला. जिल्ह्यातल्या एका न्यायालयात अर्ज केला, चार खेपा घातल्या आणि निवाड्याची नक्कल हाती आली. दीड पान. दरमहा आठ रुपये मंजूर. मग माईची जबानी मागितली. रेकॉर्ड रूममधल्या मुलाने नोंदवही माझ्यापुढे फिरवून धरली. दाव्याच्या क्रमांकासमोर लाल शाईत एकच शब्द होता : नाश.

यात कोणाची चूक नव्हती. दप्तर नष्ट करण्याचा कायदा 1917 सालचा आहे. त्याखालच्या नियमांनी फाइलचे भाग पडतात. निवाडा आणि हुकूमनामा जपतात, बाकीचे कागद मुदत संपली की जातात. हा नियम मीच कित्येक पक्षकारांना समजावून सांगितला होता. त्या दिवशी तो माझ्या घरात आला.

पुढे मुलीकडे लंडनला गेलो, तेव्हा तिने मला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये नेले. तिथे कॉमन प्लीज या जुन्या दिवाणी न्यायालयाची एक गुंडाळी पाहिली. मेंढीच्या कातड्याच्या लांब पट्ट्या, डोक्याकडे एकत्र शिवलेल्या. प्रत्येक पट्टीची केसांकडची बाजू पिवळसर, आतली पांढरी. पान सपाट राहावे म्हणून वर वजने ठेवायची, जवळ पेन्सिलच, शाई नाही. मजकूर लॅटिनमध्ये, शब्द तोडून लिहिलेले, सन राजाच्या राज्यारोहणापासून मोजलेला. आपल्या राज्याभिषेक शकाची आठवण झाली. वाचता काही आले नाही. तिथल्या एका अभ्यासकाने अर्थ सांगितला आणि मी चटकन ओळखले की हा तर रोजनामा! कोण हजर, कोण गैरहजर, मुखत्यार कोण, पुढची तारीख कोणती. अशा गुंडाळ्या 1194 पासूनच्या उरल्या आहेत, आणि मधली क्रॉमवेलच्या काळातली, इंग्लंडला राजा नसतानाची, काही वर्षे सोडली तर 1733 पर्यंत त्यांची भाषा लॅटिनच होती.

माझा जीव गुंतला तो मात्र चॅन्सरी या तिथल्या दुसऱ्या जुन्या दिवाणी न्यायालयाच्या कागदांत. तिथे दावे आणि कैफियती पंधराव्या शतकापासून इंग्रजीत लिहीत. साक्षीदाराला लेखी प्रश्न बंद खोलीत विचारत आणि त्याचे उत्तर उतरवून घेत. सुरुवातीला नाव, गाव, धंदा, वय. एका पानावर एका विधवेची जबानी होती, आणि शेवटी सहीऐवजी तिने काढलेली वेडीवाकडी फुली. तिच्या हाताचा दाब कातड्यावर दिसत होता. मी त्या फुलीकडे बराच वेळ पाहत बसलो.

पक्षकारांनी पुराव्यासाठी आणलेल्या आणि परत न नेलेल्या खातेवह्या, पत्रेसुद्धा तिथे जपली आहेत. हुकमांच्या वह्याही आहेत. त्यातूनच कळते की 1596 मध्ये सोळा पानांत मावणारे प्रत्युत्तर एकाने एकशेवीस पानांचे केले, तेव्हा न्यायाधीशाने त्या चळतीला मधोमध भोक पाडून ती त्याच्या गळ्यात अडकवायला आणि त्याला वेस्टमिन्स्टर हॉल या न्यायालयांच्या दालनात फिरवायला सांगितले. नकलेची फी पानांवर मिळे, म्हणून पाने फुगत. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

इंग्रजांनी हे सारे पहिल्यापासून नीट सांभाळले, असे समजू नये. 1838 चा कायदा होईपर्यंत हे दप्तर लंडनभर विखुरलेले होते, बरेचसे ओलीत सडत होते. दप्तराचे तुकडे पोटात घेऊन मेलेला एक उंदीर आजही तिथल्या संग्रहात ठेवलेला आहे.

माझे मागणे एवढेच आहे. 1 मे 1949 ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीच्या दिवाणी दाव्यांपैकी जे काही उरले असेल, जबान्या आणि निशाण्यांसकट, त्यातला एकही कागद यापुढे नष्ट होऊ नये. ते स्कॅन व्हावेत आणि मूळ कागद अभिलेखागारात जावेत. नोंदवह्यासुद्धा, कारण क्रमांक हरवला की कागद असून नसल्यासारखा. जागा नाही म्हणत असतील तर निदान दर दहा वर्षांतले एक वर्ष पूर्ण ठेवावे. आणि कापडी बासने सोडताना गाठ कापू नये, सोडवावी; बासनावर पडलेली शाईची खूण बहुधा दाव्याचा क्रमांक असते.

माईच्या निवाड्याची नक्कल माझ्याकडे आहे. कोणत्याही अभिलेखागाराला हवी असल्यास मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक निवृत्त वकील-कारकून
दांडिया बाजार, वडोदरा