एक्स-रेवाल्या काकूंना, ३२०० च्या रोलबद्दल

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

ही चिठ्ठी तुमच्या दारातही देता आली असती, पण आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं. मुंबईत आज फिल्मवर फोटो काढणाऱ्यांना रोल मिळतो, केमिकल मिळतं. पण मे महिन्यात, नळाला कोमट पाणी येत असताना, तो रोल घरच्या मोरीत कसा धुवायचा हे शेजारी उभं राहून सांगणारं माणूस मिळत नाही. मला ते भिंतीपलीकडे मिळालं.

मी एकांकिकांच्या तालमींचे फोटो काढते. तिथे फ्लॅश चालत नाही, चालूही नये. एखाद-दुसरा स्पॉट, बाकी काळोख. लेन्सचं छिद्र एफ २ इतकं मोठं आणि शटर १/६० सेकंद ठेवूनही उजेड जेमतेम पुरतो, म्हणून ३२०० ची, म्हणजे थोड्या उजेडातही उमटणारी वेगवान फिल्म. कोडॅकची टी-मॅक्स पी३२०० याच कामासाठी १९८८ साली आली, २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये परत आली. मी बहुतेक वेळा इलफर्डची डेल्टा ३२०० वापरते. दोन्हींच्या डबीवर ३२०० लिहिलेलं असलं तरी खरा वेग १००० च्या आसपास. उरलेलं जास्त वेळ डेव्हलप करून ओढायचं असतं.

हे ओढणं म्हणजे नेमकं काय, ते तुम्ही मला समजावलंत. कॅमेरा कधी हातात न धरता! निगेटिव्ह खिडकीशी धरून तुम्ही नायिकेच्या मागच्या विंगेवर बोट ठेवलंत. “इथे काचेसारखं स्वच्छ आहे. इथे काही उमटलंच नाही, तर डेव्हलपर काय उमटवणार?” वेळ वाढवली की चेहऱ्यावरचा उजेड दाट होतो, अंधाराला मात्र उजेड फोटो काढतानाच द्यावा लागतो. तेव्हापासून मी उजेड मोजायचा मीटर काळ्या पडद्यावर धरत नाही. पडदा मोजला तर चेहरा जळतो. चेहरा मोजते, आणि विंगेतलं काय सोडायचं ते बटण दाबण्याआधी ठरवते.

तुम्ही आयुष्यभर सरकारी रुग्णालयात हाताने एक्स-रे फिल्म धुतल्यात. तुमच्या डार्करूममध्ये लाल दिवा असायचा, माझ्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड टिपणाऱ्या, फिल्मला तोही चालत नाही. तेवढा एक फरक सोडला तर बाकी सगळं तेच, असं तुम्ही म्हणालात. थर्मामीटर बघितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, घड्याळ लावल्याशिवाय केमिकल ओतायचं नाही. फिल्म बिघडली तर पेशंटला पुन्हा एक्स-रेखाली झोपवावं लागायचं, आणि ते तुम्हाला कधीच चालायचं नाही. तालमीत तो क्षण पुन्हा येत नाही, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही.

तापमानाचं तुम्ही जे शिकवलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मायक्रोफेन या डेव्हलपरमध्ये डेल्टा ३२०० ला २० अंशांना ९ मिनिटं लागतात. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी ३० च्या घरात. मी बर्फ घेऊन २० च्या मागे लागले होते. तुम्ही म्हणालात, कशाला भांडतेस, २४ वर ये आणि तिथे टिकून राहा. २४ ला वेळ सव्वासहा मिनिटांवर येते. त्याहून गरम पाण्यात ती पाचच्या खाली घसरते आणि मग फिल्म एकसारखी धुतली जाईल याची खात्री नाही. मोठ्या घमेल्यात पाणी, त्यात डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारा स्टॉप बाथ आणि चित्र पक्कं करणारा फिक्सर यांच्या बाटल्या शेजारी शेजारी, आणि बर्फ पिशवीत बांधून घमेल्यात सोडायचा, केमिकलमध्ये एक थेंब जाता कामा नये. शेवटचं धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं. अर्ध्यात थेट नळाखाली धरलं तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुतू शकतो.

पावसाळ्यात चेंजिंग बॅग, म्हणजे हात आत घालून अंधारात फिल्म रिळावर चढवायची काळी पिशवी, वापरणं बंद कर, हेही तुमचंच. बॅगेत हात घामेजतात, आत दमट होतं आणि फिल्म प्लास्टिकच्या रिळात मध्येच अडकते. आता मी रात्री मोरीची खिडकी काळ्या कागदाने बंद करते, दिवा घालवून पाच मिनिटं नुसती उभी राहते आणि कुठून फट दिसते का बघते. हात कोरडे, रीळ खडखडीत कोरडं, फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने गोल केलेले. मग ती अलगद आत जाते.

फिक्सरबद्दल तुम्ही फारच कडक. रोलच्या टोकाचा तुकडा आधी फिक्सरमध्ये टाकून किती वेळात पारदर्शक होतो ते बघायचं आणि त्याच्या निदान दुप्पट वेळ द्यायचा. टी-मॅक्सला त्याहूनही जास्त, नाहीतर गुलाबी झाक राहते. वापरलेला फिक्सर मोरीत ओतायचा नाही, त्यात चांदी असते. रुग्णालयातून तो विकत न्यायला माणसं यायची, हे मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. माझा कॅन भरत आला आहे.

आणि मेट्रो! स्टेशनच्या दारातल्या यंत्रातून बॅग जाते तेव्हा आतले रोलही जातात, आणि फिल्म जितकी वेगवान तितकी ती एक्स-रेने लवकर धुरकटते. हे तुमच्याइतक्या अधिकाराने कोण सांगणार? आता रोल पारदर्शक डबीत हातात ठेवते आणि हाताने तपासा अशी विनंती करते. बहुतेक वेळा ऐकतात.

पैशांचा विषय काढला की तुम्ही चहा टाकायला उठता, म्हणून दुसरं मागते. एकांकिकेच्या पत्रकावर फोटोखाली माझ्या नावाशेजारी तुमचंही नाव छापायला सगळे तयार आहेत. मजकूर शुक्रवारी छापखान्यात जाईल. त्याआधी हो म्हणा, आणि आडनाव कसं लिहायचं तेवढं सांगा.

तुमची,
शेजारची