घरातील ओल आणि बुरशीविषयी अनंतास पत्र

रत्नागिरी,
नोव्हेंबर महिना

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. पश्चिमेच्या खोलीत छताच्या कडेपासून खाली उतरलेले काळे डाग, माजघराच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत सुटलेले पोपडे आणि कपाटातील काकूंच्या रेशमी साड्यांवर आलेली पांढुरकी बुरशी यांचे तू इतके नेमके वर्णन केले आहेस की मालवणचे तुमचे घर मला येथे बसून दिसले. रंगाऱ्याने सगळीकडे जलरोधक रंगाचे दोन हात मारून देण्याचे कबूल केले आहे आणि तुळशीच्या लग्नाआधी ते काम उरकावे असा तुझा बेत आहे. माझी कळकळीची विनंती आहे की यंदा ते करू नकोस. ओल्या भिंतीवर आतून रंगाचा पापुद्रा चढवला की पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते, आणि पुढच्या श्रावणात तोच पापुद्रा फुगून, फाटून त्यामागची बुरशी पुन्हा वर येते. काकूंना दम्याचा त्रास आहे, म्हणून हे मी अधिक आग्रहाने लिहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत अशा घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दमा यांचा त्रास अधिक होतो असे स्पष्ट नोंदवलेले आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि कोकणात ते घराबाहेर ठेवणे कोणालाच शक्य नाही. त्यांना भिंतीवर वाढू द्यायचे की नाही, हे पाणी ठरवते. म्हणून आधी पाणी कोठून येते ते पाहावे लागते, आणि तुझ्या वर्णनावरून मला असे दिसते की तुमच्या घरात तीन वेगवेगळ्या वाटांनी पाणी येत आहे.

पश्चिमेच्या खोलीतील डाग पावसाच्या झडीचे आहेत. नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून थेट त्या भिंतीवर पाऊस मारतो; आपल्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, किंबहुना काही ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक, पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. जुन्या घराचे कौलारू पाखे भिंतीच्या पुढे दोन-अडीच फूट येत असत, पागोळ्या भिंतीपासून दूर पडत, आणि मिरगापूर्वी पश्चिमेच्या बाजूला झावळ्यांची झापे बांधली जात. ही वाढीव खोली तुम्ही स्लॅबची केली तेव्हा तिला ना पाखे राहिले, ना खिडकीवर पुरेसा छज्जा. तिला आतून कोणताही रंग लावून उपयोग नाही. बाहेरच्या गिलाव्यातील भेगा उकरून भरून घे, छज्जे रुंद कर आणि त्यांच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेव, म्हणजे पाणी उलटे वळून भिंतीपर्यंत पोहोचणार नाही. स्लॅबवर तिरपी पत्र्याची शेड घालून तिच्या कडा पुरेशा पुढे काढल्यास सर्वांत उत्तम. स्लॅबच्या बाबतीत दिरंगाई मात्र करू नकोस, कारण खारट हवेमुळे आतल्या सळया लवकर गंजतात, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि त्या दाबाने खालचे काँक्रीट सुटून पडते.

माजघराच्या भिंतीचे दुखणे निराळे आहे, आणि त्याबद्दल मला अधिक लिहावेसे वाटते. ती तुझ्या आजोबांनी बांधलेली जांभ्याची भिंत आहे. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो, पण त्याची छिद्रे तशीच राहतात. जमिनीतील पाणी त्या बारीक छिद्रांतून दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर चढते. जुने बांधकाम चुन्याचे होते, म्हणून चढलेले पाणी चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जात असे आणि भिंत पावसाळ्यानंतर आपोआप सुकत असे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो गिलावा काढून सिमेंटचा घट्ट गिलावा केला, त्यावर कमरेपर्यंत ऑइल पेंट दिला, आणि आता खळ्यात पेव्हर बसवताना जमीन जोत्याच्या बरोबरीला आली. पाण्याला वर ढकलणारे कारण वाढले आणि बाहेर पडण्याची जागा नाहीशी झाली. पोपड्यांखाली जी पांढरी पूड दिसते ती बुरशी नाही, तो लोणा आहे. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर सुकून राहतात आणि दमट हवेत पुन्हा ओलावा ओढून घेतात. खात्री करायची असेल तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, क्षार विरघळतो, बुरशी विरघळत नाही.

यावर माझा सल्ला असा आहे. भिंतीला लागून असलेली पेव्हरची पहिली ओळ काढून तेथे खडी भरलेली चर कर, तिला घरापासून दूर उतार दे, आणि खळ्याची पातळी जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली ने. आतील बाजूने पोपड्यांच्या वर फूटभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा व ऑइल पेंट काढून टाक, लोणा कोरड्या ब्रशने झाडून घे, आणि भिंत एप्रिलपर्यंत उघडी राहू दे. भिंतीची जाडी सुकायला इंचाला एक महिना, असा बांधकामातला ठोकताळा आहे, म्हणून घाई चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये चुन्याचा गिलावा करून वर चुन्याचाच हात दे. चुना अल्कधर्मी असल्याने बुरशीला त्यावर सहज पाय रोवता येत नाही, आणि तो भिंतीला श्वास घेऊ देतो. गवंडी नाखूष होईल, त्याला सिमेंटची सवय आहे. तरी तू आग्रह सोडू नकोस. चुना हाताळताना डोळ्यांना चष्मा मात्र हवाच.

तिसरे पाणी हवेतील, आणि साड्यांवरची बुरशी त्यातूनच आली आहे. आपल्याकडे जुलैत हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८५ टक्क्यांच्या वर असते. ८० टक्क्यांच्या पुढची आर्द्रता पृष्ठभागाशी सतत टिकून राहिली की बुरशीला एवढे पुरेसे होते. म्हणून कोरड्या प्रदेशातला ‘खिडक्या उघडा’ हा सल्ला धुवाधार पावसात जसाच्या तसा लागू पडत नाही. जुन्या घरात चूल दिवसभर पेटलेली असे, तिच्या उबेने आढे आणि माळा कोरडा राहत असे. गणित साधे आहे: २६ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा चार अंशांनी तापवली की तीच हवा सुमारे ७५ टक्क्यांवर येते. कपाटात कमी वॅटचा बल्ब लावून ठेवण्याचा जुना उपाय याच कारणाने लागू पडतो. फक्त बल्बला कपडा टेकू देऊ नकोस. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढ, बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीशी ठेव, आणि साड्या पूर्ण वाळल्याखेरीज घड्या घालू नकोस. डांबराच्या गोळ्या किडीसाठी असतात, त्या ओल शोषून घेत नाहीत. कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटापुरते उपयोगी पडतात, खोलीला त्यांचा काहीच उपयोग नाही.

स्वयंपाकाचा गॅस चुलीसारखी ऊब देतो पण त्याबरोबर भरपूर पाणीही देतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळून संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतो, भाताची वाफ निराळीच. स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसव आणि रांधताना तो अवश्य चालू ठेव. ओले कपडे मागच्या पडवीत पंख्याखाली वाळव, झोपण्याच्या खोलीत नको. काकूंच्या खोलीपुरते आर्द्रता शोषणारे विजेचे यंत्र घेतलेस, तर दारे-खिडक्या बंद करूनच ते चालवावे लागते, एरवी ते समुद्रालाच सुकवत बसेल. पाऊस थांबून ऊन पडले की त्या दोन-तीन तासांत घर मोकळे करून समोरासमोरच्या खिडक्या उघड.

आता साफसफाई. ती वरच्या कामांच्या नंतर किंवा बरोबर कर, त्याआधी करून काही हाती लागणार नाही. काकूंना दोन दिवस बहिणीकडे पाठव. एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा लावून आधी डाग साबणाच्या पाण्याने भिजव, मग पुस. कोरडे खरवडल्यास बीजाणू घरभर उडतात. ब्लीच सच्छिद्र भिंतीच्या आत पोहोचत नाही, आणि ते संडास साफ करण्याच्या आम्लात, व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियात मिसळले तर विषारी वायू होतो, तेव्हा ते मिश्रण कधीही करू नकोस. डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांहून मोठा असेल, तर जाणकार माणूस बोलाव. बुरशी आलेली कापसाची गादी जपून ठेवू नकोस. तिच्यातून ती निघत नाही.

पुढच्या आषाढात एक परीक्षा कर. काकूंच्या खोलीच्या भिंतीला हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडा चिकटवून दोन दिवस लाव. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला थेंब दिसले तर ओल हवेतली आहे, आतल्या बाजूला दिसले तर ती भिंतीतून येत आहे. काय दिसते ते मला कळव, म्हणजे चुना त्या खोलीतही न्यायचा का ते ठरवता येईल. तत्पूर्वी फेब्रुवारीत मी तिकडे येणार आहे; चरीची खोली आणि छज्जांची मापे तेव्हा आपण दोघे मिळून घेऊ. त्या आधी रंगाऱ्याला नकार कळवून टाक, त्याला दिलेली आगाऊ रक्कम परत मागण्याची वेळ येऊ देऊ नकोस.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सदानंद