व्हिएतनामचे संगीत एका ओळीत मावणारे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील व्हिएतनामवरील प्रवासलेखात तेथील युद्ध, भातशेती आणि खाद्यपदार्थ यांविषयी विस्ताराने लिहिले आहे. पारंपरिक संगीताची बोळवण मात्र एका ओळीत केली आहे. जळगावात संगीत शिकवीत असल्याने आणि त्या देशाच्या वाद्यांचा मला अनेक वर्षांपासून ध्यास असल्याने ही उणीव जाणवली, म्हणून हे पत्र.

ज्या देशाने ५४ वांशिक समाजांना अधिकृत मान्यता दिली आहे, तेथे संगीत एकाच घडणीचे असणे शक्य नाही. उत्तरेच्या डोंगरांत ह्मोंग समाजाचे सहा बांबूनळ्यांचे 'खेन' तोंडाने फुंकून वाजवितात, तर मध्य भागातील ह्वे शहरात न्गुयेन राजघराण्याच्या (१८०२–१९४५) दरबारातील 'न्या न्याक' हे संगीत आजही जतन केलेले आहे. दक्षिणेत, मेकाँगच्या मुखाकडील सुपीक प्रदेशात, 'दोन का ताई तू' या गायन-वादनाच्या बैठकी सणासुदीला आणि लग्नकार्यात रंगतात.

व्हिएतनामच्या 'दान बाउ' या वाद्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. लांबट पेटीवर ताणलेली एकच तार, आणि तिचे एक टोक बांधलेली एक लवचीक उभी काडी, एवढाच त्याचा पसारा. वादक उजव्या हातातील छोट्या काडीने तार छेडतो आणि त्याच क्षणी तळहाताची कड तारेच्या नेमक्या बिंदूला हलकेच टेकवून उचलतो, त्यामुळे मूळ स्वराऐवजी त्याच्या पोटातील उपस्वर बाहेर येतो; डाव्या हाताने उभी काडी वाकविली की तारेचा ताण बदलतो आणि तो स्वर मींड घेत वर किंवा खाली सरकतो. व्हिएतनामी भाषेत एकाच अक्षराचा अर्थ उच्चारातील चढ-उतारानुसार बदलतो, त्यामुळे तेथील गाण्याची चाल शब्दांचे हे चढ-उतार सांभाळत चालते, आणि एकतारी असूनही हे वाद्य ते सारे हुबेहूब उचलते. माझ्या मते सतारीच्या मींडेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी ऐकावे.

'का त्रू' या उत्तरेकडील गायनप्रकारात तर श्रोत्यालाही वादकाचे स्थान आहे. गायिका गाता गाता बांबूच्या पट्टीवर काठ्यांनी लय धरते, साथीला तीन तारांचे लांब मानेचे 'दान दाय' असते, आणि तिसरा असतो ढोल वाजविणारा जाणकार रसिक, जो आपल्या थापांतून गायिकेला दाद देतो, तिच्या गाण्याची पारख करतो. अशी दाद द्यायला काव्य आणि गाणे दोन्ही अंगी मुरलेले असावे लागते. विसाव्या शतकात हा प्रकार जवळजवळ विस्मृतीत गेला, आणि २००९ साली युनेस्कोने त्याचा समावेश तातडीने जतन करावयाच्या वारशात केला.

आपल्या खान्देशी वाचकाला मात्र सर्वांत जवळचे वाटावे असे संगीत व्हिएतनामच्या मध्य पठारावरील डोंगराळ समाजांचे आहे. तेथे एका संचातील प्रत्येक घंटाथाळी वेगळ्या माणसाच्या हाती असते आणि एकेकाच्या ठोक्यांतून सामूहिक चाल उभी राहते. कोणाला एकट्याला ती वाजविता येत नाही. या थाळ्या बहुधा बाहेरून विकत आणलेल्या असतात, परंतु गावातील जाणकार त्या हातोडीने ठोकून आपल्या समाजाच्या स्वरांत बसवितो. २००५ साली युनेस्कोने या परंपरेचा गौरव केला. सातपुड्यातील काठी गावच्या होळीत कमरेला भोपळे बांधून ढोलाच्या तालावर रात्रभर नाचणारे लोक, किंवा साक्री तालुक्यात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात घुमणारी, दुधी भोपळ्याची, फुंकून वाजविण्याची पावरी ज्यांनी पाहिली-ऐकली आहे, त्यांना गाव, देव, पीक आणि वाद्य यांचे हे नाते समजावून सांगावे लागणार नाही.

फू थो प्रांतातील 'स्वान' गायनाचे उदाहरणही नमूद करण्यासारखे आहे. हे वसंत ऋतूत देवळांतून गायले जाणारे गाणे २०११ साली तातडीच्या यादीत गेले होते. वृद्ध गायकांनी तरुणांना शिकविले, शाळांतून आणि मंडळांतून ते गायले जाऊ लागले, आणि २०१७ साली ते त्या यादीतून बाहेर काढून मानवजातीच्या प्रातिनिधिक वारशाच्या यादीत घेण्यात आले. आपल्याकडची वहीगायन या लोकगायनाची मंडळे आणि कानबाई देवीची अहिराणी गाणी यांसाठी असे काही करणे मुळीच अशक्य नाही, कारण ती गाणारी माणसे अद्याप आपल्यात आहेत.

आपणास विनंती आहे की, व्हिएतनामच्या या संगीतप्रकारांवर जाणकारांकडून स्वतंत्र लेख लिहून घ्यावेत, आणि त्यांच्या जोडीला खान्देशातील वाद्यांवरही लेखमाला चालवावी. तिची सुरुवात पावरीपासून करता येईल. भोपळा कसा निवडतात व वाळवितात, नळी कशी बसवितात आणि स्वर कसा जुळवितात, हे ती बनविणाऱ्या कारागिराच्याच तोंडून, त्याच्या नावागावासह छापून यावे.

आपला,
एक संगीत शिक्षक, जळगाव