भोंगा अजून झालेला नाही

काका, नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या गेटवरची वॉचमनची नोकरी सोडून तुम्ही गावी परतलात त्या दिवशी मी ऑफिसात होते. नीट निरोपही घेता आला नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, कारण आभारांसोबत एक कबुलीही द्यायची आहे.

गेल्या पावसाळ्यातली ती पहाट. आईनं कडी कशी काढली कोण जाणे. पायात एकच चप्पल, हातात बाबांचा पितळी डबा, तोही रिकामा. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. पण आईच्या लेखी ते गिरणीत पहिल्या पाळीला निघाले होते आणि डबा घरीच राहिला होता.

दुसरा कुणी असता तर "आजी, घरी चला" म्हणत तिचा हात धरला असता आणि तिनं आकांत मांडला असता. आम्ही घरात रोज तेच करतो! तुम्ही म्हणालात, "वहिनी, अजून भोंगा कुठं झालाय? बसा." इंटरकॉम वाजल्यावर मी धावत खाली आले, तर आई खुर्चीत बसून विचारत होती, "तुम्ही कुठल्या खात्यात?"

"साचा खात्यात."

साचा खातं म्हणजे मागांचं, विणकामाचं. मला वाटलं, तिचं मन राखताय. तर ते खरंच होतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला तेव्हा तुम्ही बदली कामगार होतात, म्हणजे कायम नसलेले; संपातल्या अडीच लाखांतले एक. गिरणी काही पुन्हा लागली नाही. मग हमाली, मग एजन्सीचा निळा शर्ट. नऊ वर्षं आमच्या गेटवर होतात आणि हे मला त्या पहाटे कळलं. तुमच्या वहीत मात्र आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होती.

आता कबुली. वॉचमनची खुर्ची काढायचा ठराव सोसायटीच्या सभेत आला होता. बसले की झोपतात म्हणे. बारा तासांची ड्युटी, त्यात पहाटे उठून पंप सुरू करायचा, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. मीही ठरावाच्या बाजूनं हात वर केला. आठ दिवसांनी तुम्ही भंगारातली पाठ मोडकी खुर्ची आणून सुतळीनं बांधलीत. आई बसली ती त्याच खुर्चीत. त्यानंतर कितीतरी पहाटे बसली, तुमच्यातला अर्धा कप चहा घेत.

नव्या खुर्चीचे पैसे मी भरलेत. सभेत विषय काढला नाही, सरळ आणून ठेवली.

तुमच्या जागी आलेला पोरगा बिहारचा आहे. त्याला मी एक वाक्य पढवलंय. "वैनी, भोंगा नाय झाला," इतकं तो झकास म्हणतो. पण आई लगेच विचारते, कुठल्या खात्यात? तिथं तो माझ्याकडे बघतो. त्याला कुठलं खातं द्यायचं, तेवढं फोन करून सांगा.