टाइलसारखे दिसते म्हणून ते टाइल होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आली आहे आणि गोव्यात घरोघरी रंगरंगोटी व डागडुजी सुरू झाली आहे. या दिवसांत टाइलसारखे दिसणारे लेपित तक्ते मोठ्या प्रमाणात विकले जातात. हलके, स्वस्त आणि एका दिवसात भिंतीला चिकटवून मोकळे होता येईल असे हे तक्ते न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात सर्रास लागू लागले आहेत. माझी तक्रार तक्त्यांबद्दल नाही. ते ‘टाइल’ या नावाने विकले जातात आणि आत काय आहे, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही, याबद्दल आहे.

मी स्वतः गोव्यातील एका औद्योगिक वसाहतीत लेप चढवण्याच्या लाइनवर अनेक वर्षे पर्यवेक्षक होतो. त्यामुळे हे काम किती कौशल्याचे आहे, हे मला ठाऊक आहे. लाकडाचे तंतू गरम प्रेसमध्ये दाबून साधारण तीन मिलिमीटर जाडीचा हार्डबोर्ड तयार होतो. त्यावर टाइलांच्या सांध्यांसारख्या खाचा दाबल्या किंवा कापल्या जातात. मग आधी बारीक छिद्रे बुजवणारा थर आणि त्यावर सांध्याचा रंग चढतो. त्यानंतर वरचा रंग रोलरने असा द्यायचा की, रोलर फक्त सपाट चौकोनांना टेकला पाहिजे आणि खाचेत उतरता कामा नये. तेवढे साधले की सांधे आपोआप वेगळ्या रंगाचे दिसतात. पुढे कोरलेल्या सिलिंडरवरून संगमरवराच्या शिरा किंवा फुलांची नक्षी छापली जाते, शेवटी पारदर्शक टॉप कोट बसतो आणि तक्ता भट्टीतून किंवा अतिनील दिव्यांखालून जातो. बोर्डात ओल जास्त राहिली असेल तर भट्टीत तिची वाफ होते आणि लेपावर फोड येतात किंवा टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. म्हणून पावसाळ्यात आम्ही बोर्डाची ओल मोजल्याशिवाय लाइन सुरू करत नसू. प्रत्येक शिफ्टमध्ये नमुन्यावर पात्याने बारीक चौकड्या पाडून, त्यावर चिकटपट्टी लावून ती झटक्यात ओढायची आणि एकही चौकडी निघाली तर तो माल बाजूला काढायचा, हा नियम होता.

एवढे सगळे करूनही तो तक्ता टाइल होत नाही. त्यावरचे सारे थर मिळून जेमतेम माणसाच्या केसाएवढ्या जाडीचे असतात आणि भट्टीचे तापमान शंभर-दीडशे अंशांच्या आसपास असते. खरी टाइल मातीची असते. हजार अंशांच्या वर भाजल्यावर तिच्यावरची झिलई काचेसारखी वितळून मातीशी एकजीव होते. भिंतीवरच्या सिरॅमिक टाइलची माती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही अधिक पाणी शोषू शकते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. परंतु भाजलेली माती पाणी पिऊनही फुगून वेडीवाकडी होत नाही. लाकडाचा तंतू फुगतो, आणि एकदा फुगलेला हार्डबोर्ड वाळल्यावर पूर्ववत होत नाही.

याचा अनुभव आमच्या घरातच आला. साखळी गावात माझ्या धाकट्या बहिणीचे जुने घर आहे, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतींचे. गेल्या वर्षी चवथीच्या तोंडावर तिने न्हाणीघरात असे तक्ते लावून घेतले. “टाइलच आहे बाई, फक्त वजनाला हलकी,” असे दुकानदाराने तिला सांगितले होते. यंदा आषाढात मी गेलो तेव्हा खालची कड बोटभर उंचीपर्यंत फुगून जाड झाली होती. मी चाकूच्या टोकाने तक्ता थोडा उचकटला. आतला बोर्ड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत होता आणि वरचा लेप मात्र तसाच चकाकत होता, त्यावर एक ओरखडाही नव्हता. मिस्त्रीने तक्ता मापाने कापल्यावर उघडी पडलेली कड बंद केलीच नव्हती. शिवाय पाठीला लेप नव्हता. चिरा सच्छिद्र असतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुन्या भिंती चार महिने ओल धरून असतात. ती ओल मागून शिरली. लेपाने आपले काम चोख केले, पण त्याच्या मागे काय आहे आणि तो कुठे लावू नये, हे बहिणीला कुणी सांगितले नव्हते. पैसे गेले ते गेलेच. आता भिंत पुन्हा खरवडून काढावी लागणार आहे.

प्लास्टिकच्या, म्हणजे पीव्हीसीच्या तक्त्यांना पाण्याची भीती नसते, हे खरे आहे. पण पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते आणि पेटल्यास त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो. गॅसच्या शेगडीमागे तो तक्ता ‘टाइल’ म्हणून लावणाऱ्या गृहिणीला हे ठाऊक असायला नको का?

हाच प्रकार आता दारावरच्या पाट्यांमध्येही दिसतो आणि त्याचे मला अधिक वाईट वाटते. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातील पोर्तुगीज चित्रकार जोर्ज कोलासो यांची १९३५ सालची अझुलेज, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीने टाइलांवर रंगवून भाजलेली चित्रे आजही तेजस्वी आहेत, कारण त्यांचा रंग झिलईत भाजलेला आहे. गोव्यातील काही कारागीर आजही हाताने टाइल रंगवून ती भट्टीत भाजतात. तशीच निळी नक्षी लेपित पत्र्यावर छापून ‘अझुलेज’ म्हणून विकली, की त्या कारागिराच्या पोटावर पाय येतो. आणि काही वर्षांच्या उन्हाने ती छपाई फिकी पडली, की लोक अझुलेजलाच नावे ठेवतात.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, शुद्धता आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. दाबून घडवलेल्या सिरॅमिक टाइलसाठी आयएस १५६२२ हे भारतीय मानकही आहे. तेव्हा राज्याच्या नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खात्याला माझी विनंती आहे की, अशा प्रत्येक तक्त्याच्या पाठीवर आतला बोर्ड कशाचा आहे, पाठ आणि कडा लेपित आहेत की नाहीत आणि तो कुठे लावू नये, हे मराठीत व कोकणीत छापलेले असावे, यासाठी खात्याने पुढाकार घ्यावा. उत्पादकांना हे जड जाणार नाही. ज्या लाइनवर संगमरवराची शीर न् शीर जुळवून छापता येते, तिथे चार ओळी छापणे अवघड नाही.

तोवर वाचकांनी एवढे तरी करावे. दुकानात तक्ता उलटा करून पाहावा. पाठ तपकिरी असून तिच्यावर जाळीच्या विणीसारखा ठसा असेल, तर तो उघडा हार्डबोर्ड आहे, असे समजावे. तो बैठकीच्या खोलीतल्या कोरड्या भिंतीवर खुशाल लावावा, तिथे तो वर्षानुवर्षे शोभून दिसेल. न्हाणीघरात लावायचाच असेल, तर कापलेली प्रत्येक कड आणि पाठ आपल्या डोळ्यांदेखत मिस्त्रीकडून बंद करून घ्यावी आणि भिंत कोरडी झाल्याशिवाय, म्हणजे दिवाळीपूर्वी, तो चिकटवू देऊ नये.

आपला,
लेप विभागातील एक निवृत्त पर्यवेक्षक,
डिचोली, गोवा