कारखाना तोच, माल वेगळा

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "इतकी वर्षं जस्तच काढताय, मग रोज नवी डोकेदुखी कसली?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

जस्त तेच आहे, येणारं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे खाणीतून दळून-निवडून आलेली खनिजाची पूड, बदललंय. चांगल्या मालात निम्म्याहून जास्त जस्त असतं, बाकी मुख्यतः गंधक आणि लोखंड. हल्ली लोखंड फार. ते खनिजाच्या स्फटिकातच बसलेलं असतं, कितीही बारीक दळा, सुटत नाही. रोस्टरमध्ये, म्हणजे ही पूड भाजायच्या भट्टीत, ९००-९५० अंशांवर ते जस्ताला कवटाळतं आणि झिंक फेराइट हे जस्त-लोखंडाचं चिवट संयुग तयार होतं. सौम्य आम्ल त्याला ढिम्म हलवू शकत नाही. गरम, तीव्र आम्लात जस्त सुटतं खरं, पण लोखंडही सोबत विरघळतं. मग ते लोखंड जेरोसाइट नावाच्या पिवळ्या गाळाच्या रूपात बाहेर काढायचं. ही युक्ती १९६० च्या दशकातली. जस्त हाती लागलं, तो गाळ कायमचा गळ्यात पडला.

त्याहून वात आणतात ती मालातून येणारी जर्मेनियम आणि अँटिमनी. द्रावणात लिटरमागे मिलिग्रॅमचा अंशही जड जातो. मध्ये सेल हाउसमधून, म्हणजे जिथे विजेने द्रावणातलं जस्त ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चढवतात तिथून, एक कॅथोड (तसा पत्रा) वर काढला, तर एरवी सलग असणारा जस्ताचा थर भोकाभोकांचा! हायड्रोजनचे बुडबुडे येत होते आणि चढलेलं जस्त परत द्रावणात उतरत होतं. आधीच टनामागे ३,००० हून जास्त युनिट वीज लागते, ती अशी पाण्यात. फ्लोराइड वाढलं की उलटं, जस्त पत्र्याला असं चिकटतं की सोलणारे वैतागतात.

इथे काहींना वाटतं, रोस्टरच काढून टाकावा. कॉन्सन्ट्रेट थेट ऑक्सिजन आणि दाबाखाली विरघळवायचं, गंधक घनरूपात वेगळं होतं. कॅनडात ट्रेलच्या कारखान्यात १९८१ मध्ये हे सुरू झालं, रोस्टर न काढता त्याच्या जोडीला. मला पटतं, पण अर्धंच. लोखंड तिथेही द्रावणात उतरतंच, त्याची विल्हेवाट काही टळत नाही. तोवर निरनिराळे लॉट हिशेबाने मिसळणं हाच स्वस्त उपाय, आणि तो हिशेब सध्या माझ्याकडे आहे.

आई, मास्क लावते गं, दर वेळी विचारू नकोस. पुढच्या आठवड्यात नवा लॉट सुरू होतोय, तेव्हा रात्रपाळीत फोन उचलला नाही तर काळजी करू नका. बाबांच्या रक्तदाबाचे आकडे मात्र मेसेज करून ठेवा.

तुमची,
ताई